जात्याच्या घरघरीत माझे कान निवले

पुण्याहून पौडचा रस्ता धरला, की पिरंगुटपर्यंत कारखाने आणि ट्रकच ट्रक. पौड मागे पडलं आणि कोळवण खोऱ्याकडे वळलं, की डोळ्यांना हिरवळ दिसायच्या आधी कानांना थंडावा लागतो. निदान माझ्या तरी! समोर तिकोन्याचा डोंगर, दोन्ही बाजूंना भातखाचरं. ह्या भागातला आंबेमोहोर तांदूळ तुम्ही नक्की खाल्ला असेल. आम्ही गेल्या मार्गशीर्षात गेलो, तेव्हा भात झोडून झालं होतं आणि खाचरांत नुसती खुंटं उरली होती.

सासूबाईंचं माहेर तिथलं. मामींच्या, म्हणजे सासूबाईंच्या भावजयीच्या, नातवाचं लग्न होतं. लग्न म्हटलं की सगळ्यांना आनंद, मला मात्र धसका.

माझे कान पहिल्यापासून हळवे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर अर्धशिशी सुरू झाली आणि त्रास फारच वाढला. कुकरची शिट्टी, स्टीलचं ताट पडल्याचा आवाज, शेजारचं ड्रिल मशीन; दुसऱ्या बाईला ते नुसतं ऐकू येतं, मला ते दुखतं. चटणी वाटताना मी पदर कानावर घेते. साधं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास असतं आणि मिक्सर जवळून ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत सहज जातो. दहा डेसिबल वाढले, की आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. हे मला डॉक्टरांकडून कळलं. पण घरात त्याला नाव एकच होतं, "नखरे". सासूबाई तोंडावर म्हणत नसत, पण अकरा वर्षांत न बोललेलं ऐकायलाही मी शिकले होते. हळव्या कानांची हीच तर गंमत!

पोचलो त्या संध्याकाळी मांडवात माणसाच्या उंचीचे स्पीकर उतरले. पोरांनी ते 'नुसते लावून' पाहिले आणि माझं डोकं ठणकायला लागलं. जेवण न घेताच मी आतल्या खोलीत पडून राहिले.

पहाटे जाग आली ती एका आवाजानं. आधी वाटलं, लांबवर गाडी चालली आहे. मग त्या घरघरीत माणसाचा सूर आहे असं लक्षात आलं. शाल गुंडाळून मागल्या पडवीत गेले. मामी जात्यावर बसल्या होत्या. देवकाला लागणारं मूठभर तांदळाचं पीठ गिरणीतलं चालत नाही, असा त्यांचा हट्ट. समोर खुंट्याला दुसरा हात होता सासूबाईंचा! माझ्या सासूबाईंना ओव्या येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मी उंबऱ्याशी बसले. एरवी कुठलंही गाणं लागलं, की माझं अंग आखडतं. आता कुठं एकदम ढोलकी वाजेल, कुठं सूर चिरत वर जाईल, ह्याची धास्ती असते. इथं तसलं काही नव्हतं. तीन-चार सुरांतच गाणं फिरत होतं. जात्याचा फेरा पुरा झाला, की ओवी टेकायची. मामी वैरण घालायच्या, तेवढा श्वास. की पुन्हा तोच फेरा. पुढं काय येणार हे कानांना ठाऊक होतं, म्हणून ते सैल सुटले. दगडाची घरघर खाली अंथरलेल्या घोंगडीसारखी आणि सूर तिच्यावर निजलेला. माझ्या मानेची शीर मोकळी झालेली मला कळली.

पण नुसतं सुखच झालं असं म्हटलं, तर ते खोटं होईल. हळव्या कानाला हळू आवाजातलं सगळंच ऐकू येतं. बांगडीचा किणकिणाट, मामींचा दमलेला श्वास, आणि भावाच्या ओवीवर सासूबाईंचा सूर किंचित अडखळला तोही. त्यांचा भाऊ, म्हणजे मामा, जाऊन दोन वर्षं झाली होती. कानाला न लागलेलं ते गाणं आत लागलं आणि माझे डोळे भरून आले.

"काय गं सूनबाई, आमी उठवलं का तुला?" मामींनी विचारलं.

"नाही हो मामी. पण एवढं हळू का म्हणता?"

"मोठ्यानं म्हणायचं कुणासाठी? पोरं निजलेली, मामंजी ओसरीवर. जात्याला ऐकू गेलं म्हंजी झालं."

मग माझ्या कानांचा विषय निघाला. मामी हसल्या. "आमच्या आत्याबाईंचं असंच व्हतं. जात्याला नवी टाकी लावली, की खरखर सोसायची न्हाई. गोठ्यात जाऊन बसायच्या. वाजंत्री आली की डोक्याला फडकं. समदी म्हनायची, खूळ हाय."

मामींच्या आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाईंची सख्खी आई. सासूबाईंचा हात खुंट्यावर थांबला. बऱ्याच वेळानं त्या एवढंच म्हणाल्या, "आम्हीही हसायचो तिला."

बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात, अशी नोंद आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी ह्याच मुळशी-मावळाच्या भागातून सुरुवात करून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्यातल्या पुष्कळशा 'परी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. ऐकाल तेव्हा आवाज अगदी बारीक ठेवा. पुतण्यानं त्या पहाटेचं मोबाइलवर घेतलेलं गाणं मोठ्यानं लावलं, तर तेच मला टोचलं.

तुमच्या घरात असे कान कुणाचे असतील, तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. सारखे बोळे घालून बसू नका. त्यानं कान आणखी हळवे होतात, असं मला डॉक्टरांनी बजावलं आहे. आणि त्या माणसाला हसू नका.

त्या रात्री हळदीला स्पीकर वाजलेच. मी अंगणाच्या कडेला उभी होते. सासूबाई गर्दीतून आल्या, माझ्या हातातलं तबक काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तू मागल्या पडवीत जा. ताट तिथंच पाठवते."

जात्यापाशी अजून थोडं पीठ सांडलेलं होतं. पाठवते म्हणाल्या, पण ताट घेऊन त्या स्वतःच आल्या. दोन ताटं होती.