पुस्तकातले डायनोसॉर आणि आपले धान

वसतिगृहाच्या ग्रंथालयातील पुस्तकांत आम्हांस भेटलेले डायनोसॉर बहुतेक अमेरिकेतील. आपल्या मातीचा उल्लेख त्यांत नसे. वस्तुतः आपल्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे, साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची त्यांची अश्मीभूत विष्ठा सापडते. तीत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे संशोधकांनी २००५ साली दाखविले. २०११ साली त्यांतून धानाच्या कुळातील गवतेही ओळखली. गोंदियाच्या बांध्यांमध्ये रोवणी करणाऱ्या आईवडिलांच्या लेकरांना हे कळले, तर विज्ञान त्यांना आपल्याच शिवारातले वाटेल. तथागतांचा धम्म ‘एहिपस्सिको’ आहे : ये आणि स्वतः पाहा. म्हणून पिसदुऱ्याची कथा बालपुस्तकांत यावी आणि आपल्या शाळेची एक सहल तेथे जावी, हीच आम्हा माजी विद्यार्थ्यांची मंगल कामना.