सव्वा महिना आणि तिसावा दिवस

मी फिजिशियन. मधुमेह, रक्तदाब, दमा, ताप हे माझं रोजचं काम. नवजात बाळांच्या डोळ्यांशी माझा तसा संबंध येत नाही. तरी आज त्याच विषयावर लिहितोय, कारण काही वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारायचा मी राहून गेलो.

मधुमेहासाठी माझ्याकडे नियमित येणाऱ्या एक आजी त्या दिवशी पेढे घेऊनच आल्या. "डॉक्टर, नात झाली! सातव्या महिन्यातच झाली, सव्वा किलोची. पंचवीस दिवस काचेच्या पेटीत होती, परवा घरी आणली. आता सव्वा महिना होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढणार नाही." मी पेढा खाल्ला आणि म्हणालो, "बरोबर आहे, जंतुसंसर्गाला जपा."

पाच महिन्यांनी त्या परत आल्या. बाळ नजर देत नव्हतं, बाहुली पांढरट दिसत होती. नेत्रतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा दोन्ही डोळ्यांचे पडदे पूर्ण सुटलेले होते. ऑपरेशन झालं, पण मुलीला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डिस्चार्ज कार्डावर शेवटी इंग्रजीत एक ओळ होती, आरओपीची तपासणी करून घ्या म्हणून. घरच्यांना ती कुणी समजावून सांगितली नव्हती. पेढे मिळाले तेव्हा तिसाव्या दिवसाला तीन दिवस बाकी होते, आणि मी फाईल मागवली नाही.

आरओपी म्हणजे काय?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या साधारण चौथ्या महिन्यात मधोमध उगवतात आणि कडेपर्यंत पोचायला पूर्ण नऊ महिने घेतात. बाळ लवकर जन्मलं की हे काम अर्धवट राहतं. मग काही बाळांत वाहिन्या सरळ न वाढता वेड्यावाकड्या फुटतात, पडद्याला ओढतात, आणि शेवटी पडदा सुटतो.

"ऑक्सिजन दिला म्हणून डोळे गेले" असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. 1950 च्या दशकात जास्त ऑक्सिजनचा धोका सिद्ध झाला. पण नंतर ऑक्सिजन फारच आखडता घेतला, तेव्हा बाळं दगावू लागली. म्हणून आता तो मोजूनमापून देतात. काटेकोर काळजी घेऊनही आरओपी होऊ शकतो, त्यामुळे तपासणीला पर्याय नाही.

तपासणी कोणाची आणि कधी?

आपल्याकडे 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची. 34 ते 36 आठवड्यांच्या बाळाला बराच काळ ऑक्सिजन लागला असेल, रक्त द्यावं लागलं असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल, तर त्याचीही. पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत हवी. बाळ 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. दिवस जन्मतारखेपासून मोजायचे, डिस्चार्जपासून नाही.

आपला सव्वा महिना याच्या आड येतो. बाळ-बाळंतिणीला जपण्यासाठीची ती रीत चांगलीच आहे. पण या एका तपासणीसाठी बाळाला दुपट्यात गुंडाळून न्यायलाच हवं. आणि "डोळे तर छान दिसतायत" यावर विसंबू नका. उपचाराची वेळ असते तेव्हा बाहेरून काहीही दिसत नाही. बाहुली पांढरी दिसते तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

तपासणीत थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडदा पाहतात. बाळ थोडं रडतं, पण काही मिनिटांत संपतं. एकदा दाखवून भागत नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी बोलावतात. बऱ्याच बाळांत आजार आपोआप मावळतो. काहींना लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन लागतं. तसं ठरलं तर दोन-तीन दिवसांत करून घ्यावं, "घरी विचारून सांगतो" म्हणून आठवडा घालवू नये. इंजेक्शननंतर आजार उलटू शकतो, म्हणून पुढच्या तारखाही चुकवू नका. पुढे चष्मा किंवा तिरळेपणासाठीही डोळे दाखवत राहावं लागतं.

आता कुणी पेढे घेऊन आलं की मी आधी विचारतो, "किती आठवड्यांचं? वजन किती? डोळे दाखवले का?" मागे एक रिक्षावाले रक्तदाब दाखवायला आले होते. त्यांचा मुलगा बत्तीस आठवड्यांचा, आणि तो दिवस बाविसावा. त्याच आठवड्यात तपासणी झाली, पुढे लेझर करावं लागलं. आज तो चष्मा लावून घरभर पळतो.

त्या आजीही अजून येतात, नातीचा हात धरून. मी बोललो की ती आवाजाच्या दिशेने वळते. आजी मला कधी काही बोलल्या नाहीत. पण तुमच्या नात्यात, शेजारात कमी दिवसांचं बाळ असेल, तर पेढा खाण्याआधी एवढं विचारा: तिसावा दिवस कधी आहे?