न ऐकलेल्या खाँसाहेबांच्या गावात

शुक्रवारी ऑफिसातून सुटलं की पुण्याबाहेर पळायचं, हा आमचा नेम. लोणावळा झालं, महाबळेश्वर झालं. या वेळी म्हटलं, चला कोल्हापूर! तसं ते माझं आजोळ. पण आजोळी आपण जेवायला जातो, फिरायला नाही. तांबडा-पांढरा हाणायचा, रंकाळ्यावर एक चक्कर टाकायची, की आलो परत. यंदा मात्र मी एका गवयाच्या शोधात गेलो. आणि त्याला कारण होतं, विश्वास ठेवा, जॅझ!

झालं असं, की गेले काही महिने मला जॅझचं वेड लागलंय. केन बर्न्सची २००१ सालची दहा भागांची डॉक्युमेंटरी बघून झाली. माइल्स डेव्हिसचा १९५९ सालचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हेडफोनवर पाठ झाला. मग इतिहास वाचायला घेतला आणि एका नावापाशी अडलो. बडी बोल्डन. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक. जॅझची जन्मकथा बहुतेक वेळा याच्यापासून सुरू होते. पण १९३१ साली गेलेल्या या माणसाची एकही रेकॉर्ड आज हाती नाही. आहेत त्या फक्त ऐकणाऱ्यांच्या आठवणी.

हे सगळं मी मामाला फोनवर रंगवून सांगत होतो. मामा शांतपणे म्हणाला, “त्यात काय एवढं, लेका? आपल्या खाँसाहेबांची तरी कुठं रेकॉर्ड हाय?”

खाँसाहेब म्हणजे अल्लादिया खाँ. १८५५ साली राजस्थानात उनियाऱ्याला जन्मले, शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात राहिले, महाराज १९२२ साली गेल्यावर मुंबईला गेले आणि १९४६ साली तिथेच वारले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी घडली ती त्यांच्यामुळे. भारतात ग्रामोफोनची रेकॉर्डिंग्ज १९०२ पासून सुरू झाली होती. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं हाताशी होती, पण त्यांचा आवाज तबकडीवर आलाच नाही. आपली विद्या कुणी ऐकून उचलेल म्हणून ते टाळत, असं सांगतात. गंमत बघा, न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेडी केपर्डबद्दलही हीच कथा सांगतात!

शनिवारी सकाळी मिसळ खाऊन मामासोबत निघालो. भवानी मंडप, मग खासबाग. एकीकडे कुस्तीचं मैदान आणि त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं हे पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. मामा तिथं नेहमीसारखा बडबडला नाही. इथूनच जवळ गायन समाज देवल क्लब. १८८३ पासूनची संस्था. कोल्हापूरच्या गाण्याची गोष्ट हिच्याशिवाय पुरी होत नाही.

पण मुद्दा उरतोच. जो आवाज नाही, तो ऐकायचा कसा? मी जॅझवाल्यांचीच युक्ती वापरली. उलटा प्रवास. आधी पुस्तकं. कोल्हापूरच्याच मातीतले गोविंदराव टेंबे यांचं ‘माझा संगीत व्यासंग’, १९३९ सालचं. मग खाँसाहेबांनी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितलेल्या आठवणी. आणि नमिता देवीदयाल यांचं २००७ सालचं ‘द म्युझिक रूम’. त्यांच्या गुरू धोंडूताई कुलकर्णी कोल्हापूरच्या; खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ आणि पुढे केसरबाई केरकर यांच्या शिष्या. या वाचनात एक गोष्ट आतवर गेली. ऐन उमेदीत, संस्थानात गाऊन गाऊन खाँसाहेबांचा आवाजच बसला. तो पहिल्यासारखा परत आला नाही. मग उरलेल्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी लयीत गुंफलेली, पेचदार गायकी त्यांनी घडवली. आपण ज्याला घराणं म्हणतो, ते एका मोडलेल्या गळ्यातून उभं राहिलंय!

मग रेकॉर्डिंग्ज. केसरबाईंच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर आहे. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबर १९७७ ला उडालं आणि अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. त्यानंतर मोगूबाई कुर्डीकर. त्यानंतर भूर्जी खाँकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. आवाज तिघांचे तीन तऱ्हांचे. पण लयीला चिकटून सुरांची वीण घालत जाणं, मधे उसंत न देणं, समेवर अलगद उतरणं तिघांतही सापडतं. जे सारखं आहे, ते खाँसाहेबांचं असणार, असं मी धरून चाललो.

रात्री मामानं माळ्यावरून कॅसेटचा खोका काढला. आता माझी पंचाईत. आजोबा शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम न चुकता ऐकायचे. हा कार्यक्रम १९५२ पासूनचा. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी मन्सूरांचं गाणं भरून घेतलं होतं. सहावीत असताना मी त्याच कॅसेटवर सिनेमाची गाणी भरली! आजोबा रागावले नाहीत. “असू दे, परत लागेल रेडिओला,” एवढंच म्हणाले. परत लागलं की नाही, मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

कॅसेट लावली. सगळी माझीच गाणी. मामा बंद करायला उठला, तेवढ्यात शेवटचं गाणं मधेच तुटलं आणि खरखरीतून मन्सूरांची तान आली. दोनेक मिनिटं असेल. तिच्यावर आजीचा आवाज, “अहो, पानं घेतली.” आणि आजोबांचा, “थांब गं जरा.”

त्या दोघांचा आवाज आमच्याकडे तेवढाच.

रविवारी परत निघताना कॅसेट मागून घेतली. मामा म्हणाला, “ने, पण पुसू नगोस.” या आठवड्यात ती कॉम्प्युटरवर उतरवून घेणार आहे, दोन प्रती काढून. तुमच्याही माळ्यावर असा खोका असेल, तर या वीकेंडला लोणावळा राहू दे. आधी तो उतरवा.