हलव्याचा मुकुट आणि निळी ज्योत

दोस्तांनो, संक्रांतीला तुम्ही मूठमूठ हलवा खाता. पण त्याला काटा कसा येतो, ते कधी पाहिलंय? मी पाहिलंय. आणि एकदा बिघडवलाही आहे.

आमचं घर रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीपासून जवळच. समुद्राकाठची दमट हवा आणि थंडी म्हणाल तर पहाटेपुरती. हलव्याला मात्र गारवा हवा, म्हणून आजी चारलाच उठायची. शेगडीत मोजके निखारे, वर परात, परातीत साबुदाणा. साखरेचा पाक उकळताना त्यात चमचाभर दूध घालायचं, म्हणजे मळी वर येते. ती काढली की पाक पांढरा स्वच्छ. मग परातीत एक चमचा पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं. तो सुकला की दुसरा चमचा. असं दोन-तीन दिवस! पाकातलं पाणी उडून जातं, साखरेचे बारीक स्फटिक दाण्यावर बसतात, पुढचे स्फटिक त्यांच्यावर, आणि हळूहळू काटा उभा राहतो. पाक जास्त झाला तर दाणे एकमेकांना चिकटतात. आच जास्त झाली तर आलेला काटाही विरघळतो.

मी सातवीत होते. ताईच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण होतं. काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून बाळाला कृष्ण करायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आजी आंघोळीला जाताना म्हणाली, “अगो, जरा हलव, मी आल्ये. आणि दमानं हो!”

मला कुठला दम! मी फुंकणीनं निखारे फुलवले आणि दोन पळ्या पाक एकदम ओतला. म्हटलं, आजी येईपर्यंत काम संपवून तिला चकित करू. आजी चकित झालीच. परातीत पिवळट ढेप झाली होती.

त्या काळी साखर रेशनवर मोजून मिळायची. आजीनं ती दोन महिने चहात कमी घालून साठवली होती. ती रागावली नाही. ढेप फोडून डब्यात भरली, उरलेल्या साखरेचा पाक केला आणि पुन्हा पहिल्यापासून बसली. तिच्या बोटांची टोकं लाल झालेली मी पाहिली. मधूनमधून ती बोटं गार पाण्यात बुडवायची.

मुकुट अर्थातच लहान झाला. बोरन्हाणाला ताईच्या सासूबाईंनी विचारलं, “मुकुट एवढासाच का हो?” आजी म्हणाली, “माझाच हात चुकला.” मी दाराआड उभी होते. तिथेच उभी राहिले.

आता एकदम २०२४ सालात या. त्या वर्षी संक्रांत १५ जानेवारीला आली. ताईच्या धाकट्या नातवाचं बोरन्हाण. (पहिला कृष्ण आता टक्कल पडलेला बाप झालाय!) दागिने विकत आणले होते आणि ऐन सकाळी मुकुटाचं टोक तुटलं. ताईची थोरली नात हॉटेल मॅनेजमेंट शिकते. ती म्हणाली, “मावशीआजी, थांब, जोडून देते,” आणि तिनं बॅगेतून एक टॉर्च काढला. विजेरी नव्हे बरं का! गॅसवर चालणारा, हातात मावणारा. बटण दाबलं की फर्रर्र करून निळी ज्योत. या टॉर्चनं पुडिंगवरची साखर तांबूस करतात, साखरेची फुलं-पानं जोडतात.

आजीचा पाक शंभर अंश सेल्सिअसच्या थोडाच वर असायचा. साखर वितळते साधारण १८६ अंशांना. आणि ही ज्योत हजाराच्याही वर! पोरीनं आधी एका सुट्या दाण्यावर ती धरून दाखवली. काटा क्षणात नाहीसा, दाणा पिवळा, तपकिरी, काळा. दोन दिवसांचं काम पाच सेकंदांत गेलं. मला ती ढेप आठवली.

मग तिनं कढल्यात वेगळी साखर वितळवली, तिचा थेंब तुटल्या जागी ठेवला, ज्योत लांबून नुसती फिरवली आणि टोक दाबून धरलं. काचेसारखा सांधा! (तापलेली साखर कातडीला चिकटून भाजत राहते. तेव्हा असलं काही मोठ्यांशिवाय करायचं नाही.)

आम्ही टाळ्या वाजवल्या. पण संध्याकाळी पाहुणे येईपर्यंत सांधा ओलसर, चिकट झाला होता. अशी काचेसारखी साखर हवेतलं पाणी भराभर ओढून घेते, आणि आमच्या हवेत पाण्याला काय तोटा! शेजारचे काटेरी दाणे मात्र कोरडे.

टोक हातानं धरून ठेवता ठेवता मी ताईला सगळं सांगितलं. फुंकणी, दोन पळ्या, दाराआड उभं राहणं. चाळीस वर्षांहून जास्त झाली होती.

“तरीच!” ताई म्हणाली. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “आणि मी सासूबाईंपुढे आजीवर चिडले होते गं.”

तेवढ्यात कृष्णानं मुकुट ओढला आणि टोक सरळ तोंडात घातलं.