बेंबळीचा हंगाम आणि दुकानाची वही

धाराशिवहून पूर्वेकडे निघाले की बालाघाटच्या पठारावरील काळी शिवारे लागतात. त्या शिवारांत वसलेले बेंबळी हे तालुक्यातील एक मोठे गाव. श्रावणात हा रस्ता धरला तर दुतर्फा नजर पोहोचेल तेथवर सोयाबीनच दिसते. दोन पिढ्यांपूर्वी हे दृश्य असे एकरंगी नव्हते. खरिपात मूग, उडीद, तूर, ज्वारी आणि रब्बीत शाळू, करडई, हरभरा अशी या भागाची पीकरचना होती.

हा बदल केवळ शिवारापुरता राहिलेला नाही. तो दुकानाच्या वहीतही उतरला आहे. पूर्वी भाद्रपदाच्या सुमारास मूग-उडीद घरात येई, दिवाळीच्या आगेमागे ज्वारी, पुढे तूर आणि फाल्गुनात शाळू व करडई. शेतकऱ्याच्या हाती वर्षातून तीन-चार वेळा पैसा खेळे आणि किराणा-कापडाची उधारीही तशीच टप्प्याटप्प्याने फिटे. आता दसरा-दिवाळीच्या दरम्यान निघणाऱ्या एकाच पिकावर बहुतेकांचे वर्ष टेकलेले असते आणि पाऊस नेमका काढणीच्या तोंडावर कोसळतो. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये धाराशिव जिल्ह्याने हा तडाखा सोसला. ज्या पठारावरील लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथेच पिके पाण्यात कुजावीत, हा ऋतूंचा विपर्यास होय.

अशा वेळी गावातील व्यापाऱ्याची कसोटी लागते. बँकेच्या नोकरीत मला एक नियम नेहमी मार्मिक वाटे. सामान्यतः कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित ठरते. अल्पमुदतीच्या पिकांसाठी घेतलेल्या कर्जाला मात्र दोन हंगामांची मुभा आहे. म्हणजे शेतीपुरती तारीख बाजूला ठेवून हंगाम हेच माप मानले गेले. आपल्या वाडवडिलांच्या पेढीवर हे माप कोठे लिहिलेले नव्हते. कोणाकडे केव्हा मागावे आणि कोणत्या वर्षी मागू नये, हे शिवाराकडे पाहून ठरे.

व्यवहारातील या विश्वासाला या मातीत जुना आधार आहे. याच तालुक्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराला जात असल्याची नोंद पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. जिल्ह्यातीलच कुंथलगिरी सिद्धक्षेत्री 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. एकीकडे दूरवरचा व्यापार आणि दुसरीकडे अपरिग्रहाची पराकाष्ठा, अशी दोन्ही टोके या एकाच जिल्ह्यात आहेत. श्रावकाचा मार्ग या दोहोंमधून जातो. तत्त्वार्थसूत्राने खोट्या वजनमापांना आणि भेसळीला अचौर्य व्रताचे अतिचार म्हटले, ते व्यापार सोडण्यासाठी नव्हे, तो शुद्ध राहावा यासाठी.

आज भाजीच्या पाटीपासून खताच्या दुकानापर्यंत पैसे फोनवरून चुकते होतात. उधारी घटली, हिशेब स्वच्छ झाला, हे चांगलेच झाले. परंतु पीक बुडाले की गरज थांबत नाही. ती आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्याच्या दारी जाते, आणि त्या हप्त्याला मृगही ठाऊक नसतो व पोळाही. आपली मुले पुण्या-मुंबईत स्थिरावत आहेत. दुकान बंद होते तेव्हा गाळा रिकामा होतो, आणि त्याबरोबर घराघराची परिस्थिती ओळखून थांबणारा माणूसही गावातून जातो. ही हानी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

पावसाळ्यात भूमीवर जीवांची उत्पत्ती अधिक, म्हणून साधू चातुर्मासात एका ठिकाणी थांबतात. चालण्याचे सामर्थ्य असून इतरांच्या जीवासाठी न चालणे, हा त्यातील संयम आहे. वसुलीचा हक्क असून एक हंगाम थांबणे हा त्याच जातीचा संयम मानता येईल. क्षमावाणीचा दिवस सोयाबीनच्या काढणीच्या आसपासच येतो. त्या दिवशी शेकडो संदेश फोनवरून जातात, ते जावोतच. त्यांच्याबरोबर वहीतील एका अडलेल्या खातेदाराच्या घरी स्वतः जावे, पिकाची चौकशी करावी आणि पुढील हंगामापर्यंतची मुदत आपण होऊन द्यावी. ज्यांची दुकाने अजून गावात उघडी आहेत, त्यांना हे यंदाच करता येईल.