कपातीचा रकाना

दूध संस्थांची बिलं करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला फॅट-एसएनएफ म्हशीचं 6.0-9.0 आणि गाईचं 3.5-8.5 म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. दरपत्रक कुणीही बसवतो. घोडं अडतं ते कपातीपाशी. पशुखाद्य, उचल, शेअर, बँकेचा हप्ता, इथवर सगळीकडं सारखं. त्यापुढं गावागणिक कायदा वेगळा. एका संस्थेत यात्रेची वर्गणी लिटरवर कापतात, पण एकच जनावर असलेल्याला माफ. दुसरीत उचल आधी वळती करायची की पशुखाद्य, यावरून संचालक मंडळात दोन तट पडलेले.

पैशांचं तर बोलूच नये. 4.3 लिटर दूध, दर 52 रुपये 40 पैसे, म्हणजे 225 रुपये 32 पैसे. हे 32 पैसे चिठ्ठीवरच सोडायचे की दहा दिवसांच्या बिलावर? दूध रोज तेवढंच आलं, तर दोन्ही वेळच्या मिळून वीस चिठ्ठ्यांत 6 रुपयांचा फरक पडतो. उत्पादक तो बोटांवर मोजतो आणि सकाळी सहाला, दुधाची रांग लागलेली असताना, सचिवाला धरतो. सचिव मला धरतो. ‘सायेब, आमच्यात तसं नसतंय. तेवढं बसवून द्या की.’

मोठ्या कंपन्या यंत्राबरोबर सॉफ्टवेअर फुकट देतात. वजनकाटा, फॅटचं मशीन, छापील चिठ्ठी, सगळं झकपक. पण सचिवानं कपातीचं काढलं की त्यांचा माणूस म्हणतो, ‘वर कळवतो.’ मी म्हणायचो, ‘रात्रीत करून देतो.’ या एका वाक्यावर आमची कंपनी उभी राहिली, आणि त्यातच रुतलीही. कारण प्रत्येक ‘करून देतो’ची प्रत वेगळी. दूध संघानं बिलाच्या मधेच दर बदलला की प्रत्येक प्रत उघडून हात घालायचा. संस्था वाढल्या, तशा आमच्या रात्री वाढल्या. नफा होता तिथंच राहिला.

हल्ली धंदा काढणारी पोरं आधी गुंतवणूकदारासमोर दाखवायच्या स्लाइड रंगवतात आणि मग गिऱ्हाईक शोधतात. मला ते पटत नाही. पुण्यात कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. भावानं, संजय काटकरांनी, अँटिव्हायरस लिहिला. समोर परदेशी बलाढ्य नावं होती, तरी त्यांची क्विक हील 2016 साली शेअर बाजारात गेली. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्याला गिऱ्हाईकाचं दुखणं आयतं कळतं, असं मी हे उदाहरण देऊन सगळ्यांना ऐकवायचो. पुढचा अर्धा भाग सोयीनं गाळायचो: ते दुखणं त्यांनी एका डब्यात भरून हजारोंना विकलं. मी मात्र प्रत्येकाच्या घरी जाऊन मलम लावत होतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं एक मुलगी कामाला लागली. घरी म्हशी, त्यामुळं चिठ्ठी वाचायला शिकवावी लागली नाही. तिनं कपातीचे सगळे नियम प्रोग्राममधून बाहेर काढले आणि सचिवासमोर एक साधा तक्ता ठेवला: कशावर कापायचं, किती, कुणाला माफ, आधी कोणतं, पैसे कुठं सोडायचे. भरा आणि चालवा. प्रोग्राम सगळ्यांना एकच. दर बदलला की एकदाच हात घालायचा.

एका संस्थेला चिठ्ठीवर न दिसणारी कपात हवी होती. त्या मुलीनं मला न विचारता ‘नाही’ सांगितलं. ती संस्था दुसऱ्याकडं गेली. मी असतो तर घोळवत बसलो असतो.

काम हलकं झालं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो मत्सर. सहाचे फोन थांबले. ‘सायेबांशिवाय हुईत न्हाई’ हे ऐकायची चटक लागलेली, ती अजून सुटलेली नाही. तिच्या तक्त्यात बसणार नाही अशी एखादी कपात कुठं सापडते का, हे मी गावोगाव हळूच विचारून पाहतो. अजून सापडलेली नाही.

मोठ्या कंपन्यांची भीती मला फारशी कधी वाटली नाही. त्यांच्या माणसाला गावात मुक्काम नको असतो. आमच्यासारख्या कंपनीची वाढ अडवायला परका कुणी लागत नाही. ‘माझ्यावाचून अडतं’ असं मालकाला वाटलं, तरी पुरे.