कळसूबाई : एकटीने

आम्हा ग्वाल्हेरकरांना डोंगर म्हटला की आपला किल्लाच आठवतो. शहरापासून जेमतेम तीनशे फूट उंच. लहानपणी ग्वाल्हेर दरवाज्याने चढायचं, सास-बहूच्या देवळाजवळ डबा खायचा आणि अंधार पडायच्या आत लष्करात घरी यायचं. त्यामुळे पुण्याहून फोन करून "मी कळसूबाईला एकटी जाणार आहे" असं सांगितलं, तेव्हा आई आधी गप्प झाली. मग म्हणाली, "बरोबर कोणी नाही, तर जायचं कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मी फक्त एक कबूल केलं : दुपारी एकपर्यंत शिखर आलं नाही, तर असेन तिथून परत फिरेन.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पायथ्याचं गाव बारी, तालुका अकोले. डिसेंबरातल्या एका सकाळी सातला मी चालायला लागले. शेतं संपली की चढ सुरू होतो आणि मग तो काही संपत नाही. उभ्या कातळावर लोखंडी शिड्या लावल्या आहेत. पहिली सहज चढले. पुढच्या शिडीच्या मध्यावर जोराचा वारा आला, मी खाली पाहिलं आणि पाय लटपटायला लागले. कशीबशी उतरून खालच्या दगडावर बसले. घड्याळात साडेदहा वाजले होते. 'आईचं बरोबर होतं' असंही वाटून गेलं.

तेवढ्यात डोक्यावर सामान घेतलेली एक मावशी वर निघालेली दिसली. वर लिंबू सरबत विकते म्हणाली.

"एकलीच आली का गं?"

"हो. भीती वाटून राहिली आहे."

माझं ग्वाल्हेरी मराठी ऐकून ती हसली आणि डोकं टेकून खाली बसली. मग तिने कळसूची गोष्ट सांगितली. कळसू कामाला राहिलेली मुलगी. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, एवढीच तिची अट. एक दिवस तेच काम पुढ्यात टाकलं, तशी ती निघाली आणि या डोंगरावर येऊन राहिली.

"ती बी एकलीच आली व्हती," मावशी उठत म्हणाली. "खाली नको बघू. हाताकडं बघ."

मी हाताकडे बघत चढले. बाराला दहा कमी असताना माथ्यावर होते. कळसूबाईचं देऊळ अगदी लहान, चार माणसांत भरून जाईल असं. समोर अलंग, मदन, कुलंग, दुसऱ्या बाजूला रतनगड आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरला पडली, तिचंच पुढे आपलं लष्कर झालं. तेव्हा दक्षिणेतून निघालेल्या आपल्या माणसांनाही कोणीतरी "कशाला?" विचारलंच असेल, असं वाटलं.

मावशीकडचं सरबत प्यायले आणि उतरले.

तुम्हाला जायचं असेल तर पहाटे निघा, तीन लिटर पाणी घ्या, परतायची वेळ घरी सांगून ठेवा आणि ती पाळा. पावसाळ्यात शिड्या निसरड्या होतात, तेव्हा एकट्याने नकोच.

बारीत पोचल्यावर आईला फोन केला. ती म्हणाली, "पुढच्या वेळी मला ने. पहिल्या शिडीपर्यंत तरी येईन."